आपला पलंग आपण: एन्झो मारी यांचा १९७४ चा प्रस्ताव

१/
पलंग म्हणजे आडवा ठेवलेला एक आयत आणि त्याखाली चार पाय. सुतारकामाचा ओनामा गिरवू पाहणाऱ्यास याहून सोपी वस्तू सुचणे कठीण. खण नाहीत, दारे नाहीत, बिजागऱ्या नाहीत. तरीही हा आयत चकवतो. माणसाचे वजन त्यावर नुसते पडून राहत नाही. माणूस कूस बदलतो, काठावर बसतो, उठताना एकाच कोपऱ्यावर रेटा देतो. चार कोपऱ्यांतले सांधे कच्चे असतील तर आयत हळूहळू तिरका होऊ लागतो आणि थोड्याच दिवसांत पलंग कुरकुरतो. पलंगाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या चार कोपऱ्यांचा इतिहास आहे. आजच्या धाग्यात त्यातले एक विलक्षण प्रकरण पाहू: ज्याला सुतारकाम येत नाही अशा माणसाने आपला पलंग आपण करावा, म्हणून आराखडे फुकट देणाऱ्या एका इटालियन डिझायनरचे.

२/
तिथवर पोहोचण्यापूर्वी या कोपऱ्याचे जुने उत्तर पाहिले पाहिजे. तेही योगायोगाने इटलीतच जपलेले आहे. १९०६ मध्ये एर्नेस्तो स्कियापारेल्ली या इटालियन पुराविदाला इजिप्तमध्ये देर अल-मदिना येथे खा आणि त्याची पत्नी मेरित यांची कबर सापडली. चोरांचा हात न लागलेली. खा हा राजांच्या कबरींच्या बांधकामावर देखरेख करणारा अधिकारी; काळ सुमारे इ. स. पूर्व १४००. कबरीतल्या वस्तू आज तुरीनच्या इजिप्ती संग्रहालयात आहेत. त्यांत पलंग आहेत, आणि त्यांवर घालायच्या तागाच्या चादरीही. लाकडाची चौकट, सिंहाच्या पंजासारखे पाय, आणि चौकटीत विणलेली दोरीची जाळी. आपली बाज ज्याने पाहिली आहे त्याला हा पलंग परका वाटणार नाही.

३/
पाय आणि दांडी एकत्र येतात तो सांधा म्हणजे कुसू आणि खाच. दांडीचे टोक कोरून बारीक करायचे, तो कुसू. पायात नेमकी त्याच मापाची खाच पाडायची. कुसू खाचेत बसला की लोखंडाचा खिळाही न वापरता कोपरा धरून राहतो. सांधा म्हणून याला तोड नाही. पण नवशिक्यासाठी तो निर्दय आहे. खाच किंचित मोठी झाली तर सांधा हलतो. किंचित लहान राहिली तर ठोकताना लाकूड चिरते. करवत सरळ चालवणे, पटाशीला धार लावणे, लाकडाचे रेषे कोणत्या दिशेने जातात ते ओळखणे, ही सारी विद्या हातात उतरायला वर्षे लागतात. म्हणून जिथे कुसू आला तिथे सुतार आला.

४/
महाराष्ट्रातल्या गावगाड्यातही हेच. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याची औते-अवजारे भरून देणारा आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपला वाटा घेणारा. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ यावरून आला. ज्याच्या हाती मोजण्याची दोरी, तो. बाजेचे मात्र एक वेगळेपण होते. तिचे खूर आणि दांड्या सुताराच्या, पण विणकाम बहुधा घरचे. सुंभ आणून घरातलाच कोणी जाणता माणूस ती विणायचा, आणि वीण सैल पडली की पायथ्याकडची दोरी ओढून पुन्हा ताणायचा. म्हणजे अर्धी वस्तू कारागिराची, अर्धी वापरणाऱ्याची. दुरुस्ती तर जवळजवळ पूर्णच वापरणाऱ्याची. ही अर्धी मालकी पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवावी.

५/
आपला पलंग संपूर्णपणे स्वतः करणाऱ्या माणसाची सर्वांत प्रसिद्ध कथा ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याच्या तेविसाव्या सर्गात आहे, आणि तो माणूस राजा आहे. वीस वर्षांनी परतलेला ओडिसियस हाच आपला पती, याची पेनेलोपीला खात्री हवी असते. ती दासीला सहज सांगावे तसे सांगते, यांचा पलंग शयनगृहाबाहेर आणून मांड. ओडिसियस संतापतो. कारण तो पलंग हलणेच शक्य नाही: जमिनीत मुळे रोवलेल्या ऑलिव्हच्या झाडाचे खोड वाकसाने तासून, गुळगुळीत करून, त्याने त्याचाच एक खांब केलेला असतो. मग तो सारी कृती सांगतो. खोड कसे छाटले, भोके कशी पाडली, बैलाच्या कातड्याच्या पट्ट्या कशा ताणल्या. पेनेलोपीला पटते. चेहरा, आवाज, आठवणी यांहून करणीचे ज्ञान हा मोठा पुरावा ठरतो. मला या प्रसंगात प्रेमकथेइतकीच कारागिरीची प्रतिष्ठा दिसते.

६/
पुढची शतके झरझर ओलांडू. युरोपात चांगला पलंग ही मोलाची मालमत्ता होती. १६१६ मध्ये वारलेल्या शेक्सपिअरने मृत्युपत्रात पत्नीच्या नावे ‘दुसऱ्या क्रमांकाचा’ पलंग ठेवला, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. अठराव्या शतकात दांडी आणि खांब लोखंडी बोल्टने आवळण्याची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत रुळली, त्यामुळे पलंग सोडवून नेता येऊ लागला. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतले लोखंडी पलंग आले. लाकडी सांध्यांच्या फटींत लपणाऱ्या ढेकणांपासून सुटका हे त्यांचे एक मोठे आकर्षण. प्रत्येक टप्प्यावर पलंग सोयीचा झाला आणि प्रत्येक टप्प्यावर तो कसा उभा राहतो हे वापरणाऱ्याला कमी कळू लागले.

७/
१९३४ मध्ये डच वास्तुकार गेरिट रीटफेल्ट यांनी खोक्यांच्या साध्या फळ्यांपासून खुर्ची, टेबल असे फर्निचर तयार केले. अॅमस्टरडॅमच्या मेट्झ अँड कंपनी या दुकानातून ते सुट्या भागांत विकले जाई आणि घरी नेऊन जोडावे लागे. नाजूक सांध्यांचा डौल नाही, फळीवर फळी ठेवून पक्की केलेली. मंदीच्या काळातले हे धाडसच. पण तिथेही फळ्या आधीच कापलेल्या होत्या. गिऱ्हाइकाने जोडायचे, ठरवायचे काही नाही. आज खोक्यातून येणाऱ्या फर्निचरचे तत्त्व तेच आहे. सोबतच्या कागदावरील चित्रे पाहून आपण स्क्रू आवळतो. ही पट्टी इथेच का, हा प्रश्न मनात येण्याआधी पलंग उभा असतो.

८/
हाच प्रश्न माणसाच्या मनात यावा, हा एन्झो मारी यांचा ध्यास होता. जन्म १९३२. शिक्षण मिलानच्या ब्रेरा कला अकादमीत. विचाराने कम्युनिस्ट, स्वभावाने भांडकुदळ म्हणावेत इतके स्पष्टवक्ते. दानेझे या कंपनीसाठी १९५७ मध्ये केलेले त्यांचे सोळा प्राण्यांचे लाकडी कोडे आजही नावाजले जाते. एकाच फळीतून कापलेले सोळा प्राणी, एकमेकांत चपखल बसणारे.

९/
विशेष म्हणजे त्यांच्या प्रस्तावाची ठिणगी पडली ती एका पलंगामुळेच. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ड्रिआडे या कंपनीसाठी दिवसा सोफा आणि रात्री पलंग होणारी एक वस्तू तयार केली. टिकाऊ, अनलंकृत, सामान्य पगारदाराला झेपेल अशी. ज्यांच्यासाठी केली त्यांनीच ती घेतली नाही. लोकांचा ओढा होता तो दिखाऊ, गुबगुबीत सोफ्यांकडे. एखाद्याने गिऱ्हाइकाच्या अभिरुचीला नावे ठेवून विषय संपवला असता. मारी यांनी निष्कर्ष काढला तो निराळा. चांगले फर्निचर कशामुळे चांगले ठरते, हे ज्याने कधी एकही फळी ठोकलेली नाही त्याला कळावे तरी कसे? सांगून ते कळणार नाही, करूनच कळेल.

१०/
काळही तसाच होता. १९६९ च्या शरद ऋतूतील कामगारांच्या संपांनी इटली हादरली होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारने रविवारी खासगी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी केली आणि मिलानकर हमरस्त्यांवरून पायी व सायकलींवर फिरू लागले. वस्तू कोण बनवते, कोणासाठी, आणि किंमत कोण मोजते, हे प्रश्न चहाच्या, नव्हे कॉफीच्या टेबलावर आले होते.

११/
१९७४ मध्ये मिलानच्या ‘गॅलेरिया मिलानो’ या कलादालनात मारी यांनी आपला प्रस्ताव मांडला. नाव: ‘ऑटोप्रोजेत्तात्सिओने’. ऑटो म्हणजे स्वतः, प्रोजेत्तात्सिओने म्हणजे आराखडा करणे. ‘घरच्या घरी करा’ एवढाच त्याचा अर्थ नाही; आपल्या वस्तूचा विचार आपण करणे, असा तो घ्यावा लागेल. टेबले, खुर्च्या, बाक, मांडण्या, कपाट आणि पलंग असे एकूण १९ आराखडे. साहित्य म्हणजे बाजारात सहज मिळणाऱ्या पाइनच्या साध्या फळ्या आणि खिळे. हत्यारे म्हणजे हातोडा आणि करवत. कुसू नाही, खाच नाही, सरसही नाही.

१२/
आराखड्यांची पुस्तिका, मागेल त्याला टपालखर्चात पाठवली जाई. अट एकच. कोणीही हे फर्निचर स्वतःसाठी बनवावे; कारखानदार आणि व्यापाऱ्यांनी मात्र नाही. आणि एक विनंती: बनवलेल्या वस्तूचे छायाचित्र आमच्या कार्यालयाकडे पाठवा, विशेषतः तुम्ही काही बदल केला असेल तर. मला या साऱ्यात हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या आराखड्याबरहुकूम वागू नये, अशी इच्छा बाळगणारा डिझायनर दुर्मिळच.

१३/
कुसूवाचून कोपरा धरतो कसा? इथे थोडे थांबू, कारण प्रस्तावाचा गाभा इथेच आहे. आणि ज्याला पहिला पलंग करायचा आहे त्यालाही हे उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट खिळ्याची. फळीच्या कापलेल्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने, ठोकलेला खिळा लवकर सैल पडतो. रेषांना आडवा ठोकलेला घट्ट बसतो. म्हणून दोन फळ्या टोकाला टोक भिडवून जोडण्यापेक्षा एकीवर दुसरी सपाट ठेवून, दोन्हींच्या रुंदीचा फायदा घेत, खिळे मारावेत. एकच खिळा असेल तर फळी त्याभोवती फिरते. दोन-तीन खिळे अंतर ठेवून मारले की फिरणे थांबते. रुंद फळीवर रुंद फळी, हे मारी यांच्या फर्निचरचे ठसठशीत रूप या गरजेतून आलेले आहे.

दुसरी गोष्ट त्रिकोणाची. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यांत ढिली असेल तर दाबाने तिरकी होते. तीन पट्ट्यांचा त्रिकोण होत नाही. बाजू मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलूच शकत नाही. मारी यांच्या टेबलांखाली तिरक्या पट्ट्या दिसतात त्या यासाठी. कोणाला त्या नक्षी वाटतात. एक पट्टी काढून टेबल हलवून पाहावे, शंका फिटते.

तिसरी गोष्ट फळी कशी ठेवायची याची. एक इंच जाड आणि चार इंच रुंद फळी आडवी निजवली तर भाराखाली वाकते. तीच कडेवर उभी केली तर सोळा पट ताठ राहते. जाडीच्या घनाशी ताठपणाचे प्रमाण असल्याचा हा परिणाम. म्हणून पलंगाच्या लांब बाजू नेहमी फळी उभी धरून कराव्यात, आणि गादी पेलणाऱ्या आडव्या पट्ट्यांसाठी या बाजूंना आतून एक जाड पट्टी मारावी. पट्ट्यांचा सगळा भार तिच्यावर येतो. पलंग दुहेरी असेल तर मधोमध आणखी एक उभी फळी आणि तिला एखादा पाय हवाच. गादी मध्ये खचण्याचे नेहमीचे कारण हा आधार नसणे हेच असते.

१४/
आणि दोरी. आयत खरोखर काटकोनात आहे की नाही, हे कळायला महागडे हत्यार लागत नाही. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणावी, मग दुसरा कर्ण तिनेच मोजावा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे आले, तर चारही कोपरे काटकोन. सहा फूट बाय तीन फूट पलंगाचा कर्ण ६ फूट ८ १/२ इंच यायला हवा. हे गणित आपल्याकडे फार जुने आहे. यज्ञवेदी रचण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम आलेला आहे, आणि ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच. सुताराला सूत्रधार म्हणणाऱ्या भाषेला याचे नवल वाटू नये.

१५/
प्रस्तावाला प्रतिसाद मोठा आला. हजारो पत्रे. कलेतिहासकार जुलिओ कार्लो आर्गान यांनी मारी यांची बाजू उचलून धरली. इतरांनी ठरवलेल्या साच्यात आपले आयुष्य बसू द्यायचे नसेल तर प्रत्येकाने स्वतः आराखडा करायला शिकले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. खुद्द मारी मात्र पत्रे वाचून समाधानी झाले नाहीत. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, प्रस्तावाचे मर्म फार थोड्यांना कळले. बहुतेकांना ते खडबडीत लाकूड, तो रानवट साधेपणा आवडला होता. डोंगरातल्या सुट्टीच्या घरात असे टेबल शोभून दिसेल, एवढेच. शिकण्यासाठी दिलेली वस्तू लोकांनी शैली म्हणून उचलली.

१६/
मारी यांची ही निराशा मला पूर्णपणे पटत नाही. शोभेसाठी का होईना, ज्याने सहा फुटांची फळी करवतीने कापली, पहिला खिळा वाकवला, दुसरा सरळ मारला, आणि शेवटी त्या पलंगावर निजून पाहिले, त्याचे फर्निचरच्या दुकानातले डोळे बदलतातच. तो फळीची जाडी चिमटीत धरून पाहतो. पलंगाच्या कोपऱ्याला धरून हलवतो. ते पत्रात लिहावे असे त्याला सुचले नसेल. त्यांची दुसरी काळजी मात्र खरी ठरली: आराखडे विक्रीच्या जगापासून फार काळ दूर राहिले नाहीत. २००२ मध्ये कोर्राइनी प्रकाशनाने पुस्तिका पुन्हा छापली. २०१० मध्ये फिनलंडच्या आर्टेक कंपनीने, मारी यांच्या संमतीने, त्यांतली एक खुर्ची कापलेल्या फळ्या आणि खिळ्यांच्या संचाच्या रूपात बाजारात आणली. गिऱ्हाइकाला ठोकायचे काम उरले, कापायचे नाही. रीटफेल्ट यांच्या खोक्यापाशी आपण पुन्हा आलो.

१७/
आता या कथेतला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. २०१३ च्या सुमारास भूमध्य समुद्र ओलांडून लाम्पेदूसा बेटामार्गे आलेले पश्चिम आफ्रिकेतले काही तरुण निर्वासित बर्लिनमध्ये अडकून पडले होते. कायद्याने त्यांना जर्मनीत नोकरी करता येत नव्हती. काही डिझायनरांच्या साहाय्याने त्यांनी मारी यांच्या पुस्तिकेवरून फर्निचर बनवायला सुरुवात केली. यातून ‘कुकुला’ नावाचा उपक्रम उभा राहिला. त्याचा हाउसा भाषेतला अर्थ, मिळून काही करणे आणि एकमेकांना सांभाळणे. काही खुर्च्यांत त्यांनी लाम्पेदूसाला फुटलेल्या बोटींच्या रंगीत फळ्या बसवल्या.

पण बनवलेले विकायचे कसे? पुस्तिकेची अटच विक्रीच्या आड येत होती. मारी यांनी या तरुणांना आराखडे वापरण्याची, बदलण्याची आणि विकण्याचीही मोकळीक दिली. चाळीस वर्षांपूर्वी घातलेली आपली अट त्यांनी शिथिल केली ती अशा लोकांसाठी, ज्यांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने काम करण्याची मुभा नव्हती. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैशातून या तरुणांच्या शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न झाला. ज्या प्रस्तावात ‘स्वतःसाठी’ या शब्दावर एवढा भर होता, त्याचा सर्वांत अर्थपूर्ण वापर दुसऱ्यांसाठी फर्निचर बनवणाऱ्यांनी केला.

१८/
१७ ऑक्टोबर २०२० रोजी मिलानच्या त्रिएन्नाले संग्रहालयात मारी यांच्या साठ वर्षांहून अधिक काळच्या कामाचे मोठे प्रदर्शन उघडले. दोनच दिवसांनी, १९ तारखेला, करोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी, नामवंत कलासमीक्षक लेआ व्हेर्जिने, दुसऱ्याच दिवशी गेल्या. आपला सारा संग्रह, म्हणजे रेखाटने, नमुने, कागदपत्रे, मारी यांनी मिलान शहराला दान केला होता. सोबत एक अट: पुढली चाळीस वर्षे तो कोणासही खुला करू नये. आजच्या पिढीच्या हाती त्याचा उपयोग होणार नाही, त्यापुढच्या पिढीवर भरवसा ठेवावा, असे त्यांचे मत.

म्हणजे एन्झो मारी यांचा संग्रह पाहायचा तर २०६० उजाडेपर्यंत वाट पाहावी लागेल. पलंगाचा आराखडा त्या कुलपाबाहेर आहे. पुस्तिका मिळते, फळ्या आणि खिळे कोणत्याही गावात मिळतात.